बिडीएवढा उजेड

उरकुडे सरांच्या मोबाईलवर होता तो.
काच तडकलेली, म्हणून माशाच्या पाठीवरून
एक चीर गेली होती. ती मी काढली नाही.
बाकी सगळं उतरवलं जर्नलमध्ये:
वीतभर अंग, कोळशाहून काळं,
पार शेपटीपाशी सरकलेले पर,
डोळ्याखाली थेंबासारखा एक ठिपका.
तो लाल कर, सर म्हणाले. लाल पेन्सिल नव्हती.
प्रणोतीच्या नेलपॉलिशचा एक टिपूस दिला.

अर्जुनी-मोरगावहून शेवटची बस.
बाबा पाळीवर जाळं झटकत होते.
जर्नल त्यांनी आधी उलटं धरलं, मग सुलटं.
"कोन्या तलावातला?"
समुद्रातला. पाव कोस खोल, कधी अर्धा.
दिवस पोचत नाही तिथं.
"मंग गाद किती असन खाली?"
गाद नाही बाबा. तळाशी तो जातच नाही,
वर पाणी, खाली पाणी, आणि पाण्याचं वजन.
भाऊबंद रात्री वर येतात चरायला.
हा येत नाही.

बोटरी, मरळ, शिंगूर, टेंगना:
बाबांना मासा अंधारात हाताला कळतो.
याला हात लागायचा नाही, म्हणून
ते विचारत राहिले.
"जबडा असा काऊन? मोडला का?"
मोडला नाही. त्याला खालचं कातडंच नाही.
जाळं फाटून गेलेल्या कड्यासारखा,
दोन हाडं आणि मधे एक दोरी.
पाणी अडत नाही, म्हणून झटक्यात मिटतो.
"अन् खाते काय एवढ्या तोंडानं?"
बहुतेक करून चिलटांएवढे किडे.
बाबा हसले, ठसका लागेपर्यंत.
"त जबडा कायले ठेवला? लग्नात दाखवाले?"

आईनं सुपातून मान वर केली नाही.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, जर्दा,
हजाराचा हिशेब बोटांत चालू.
तिलाही सांगितलं मी, कारण वर्गात
हेच मला नीट कळलं नव्हतं:

त्या खोलीत जवळजवळ सगळ्यांचे दिवे निळे,
डोळेही निळ्याचेच. लाल म्हणजे त्यांना काळोख.
हा डोळ्याखाली लाल दिवा लावतो
आणि त्या उजेडात बघतो.
समोरचा उजेडात बसलेला असतो,
त्याला ते माहीत नसतं.
आणि लाल दिसायला याच्या डोळ्यात जे लागतं
ते पानातल्या हिरव्याच्या जातीचं आहे.
हे त्याला घरी करता येत नाही.
वर उन्हात कुणी तरी हिरवं होतं,
त्याला कुणी खातं, त्याला आणखी कुणी,
असं किड्यांच्या पोटातून उतरत उतरत
याच्या डोळ्याला पोचतं.
म्हणजे, सरांना असं वाटतं.

आईनं पत्र्याचं माप पानावर ठेवलं, कात्री फिरवली.
"हिरवं खाऊन लाल दिसते," म्हणाली.
आणि पुढचं पान घेतलं.

रात्री दोनला बाबांसोबत डोंग्यात गेले.
कमळाचे देठ लाकडाला घासत होते.
मी टॉर्च लावला तर त्यांनी तळहात ठेवला त्यावर.
"उजेड पाह्यला का मासा खाली जाते. इझव."
मग आईनं वळलेली एक बिडी काढली,
पेटवली पाठ वळवून, ओढली.
उजळलं तेवढं: त्यांचं नाक, दोन बोटं,
जाळ्याची एक गाठ, वीतभर पाणी.
त्या वीतभरात मरळ उभी होती,
श्वासाला वर आलेली. हलली नाही.
"तिले हे दिसत नाही," बाबा कुजबुजले.
कधीपासून माहीत आहे, मी विचारलं.
"तुह्या आजाच्या बिडीपासून."
राख पडली. पाणी चर्र वाजलं.
जाळं टाकायचं आम्ही दोघंही विसरलो.

सोमवारी सरांनी जर्नलवर सही केली.
अधिवास, आहार, दीप्ती, सगळ्यांवर बरोबरची खूण.
नेलपॉलिशवर नख घासून पाहिलं.
रंग बरा साधला, म्हणाले.
पानाला जर्द्याचा वास येत होता,
त्याबद्दल काही विचारलं नाही.